चिकट बाजू वर

अभिषेकनं जीपची किल्ली वडिलांच्या हातात दिली ती सांभाळायला, चालवायला नव्हे. हा फरक चंद्रशेखररावांच्या लक्षात आला नसता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सरकारी हिशोब खात्यात केस पांढरे केलेल्या माणसाला असला फरक ताबडतोब कळतो, आणि कळला की टोचत राहतो.

"बाबा, पुण्यात पार्किंग मिळेपर्यंत इथंच उभी राहू द्या. रोज सुरू करा, थोडा वेळ चालू ठेवा, बंद करा. बाहेर नका काढू."

"मला लायसन आहे, अभिषेक."

"आहे ना. पानठेल्याचं काय?"

पानठेल्याचा विषय निघाला की चंद्रशेखरराव गप्प बसत. फार वर्षांपूर्वी ते स्कूटरसकट एका पानठेल्यात शिरले होते, एवढीच ती गोष्ट. ठेलेवाला मोठ्या मनाचा. त्यानं भांडण केलं नाही. फक्त तेव्हापासून चंद्रशेखरराव पायी जरी दिसले तरी तो बरण्या मागं सरकवतो.

तर जीप अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली. लालभडक. चाकं अशी की शीलाताईंना पूजा करताना स्टुलावर चढून बॉनेटला कुंकू लावावं लागलं. डोंगर चढणारी, नाले ओलांडणारी, चारही चाकांनी ओढणारी ती गाडी रोज सकाळी थोडा वेळ घुरघुरायची आणि गप्प व्हायची. चंद्रशेखररावांना तिच्यात आपलं सेवानिवृत्त आयुष्य दिसायचं. आत बसून स्टिअरिंगवर हात ठेवून ते फाटकाकडं बघत. समोरच्या घरातल्या बाई हात दाखवून विचारत, "निघाले का जी?" ते मान हलवून सांगत, "नाही, पोचलो."

त्यांना फार काही नको होतं. पोरानं एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडानं म्हणावं, "बाबा, तुम्ही चालवा." बाकी पेन्शन होती, रक्तदाब ताब्यात होता.

एका रविवारी फोनवर अभिषेक म्हणाला, "पुढच्या महिन्यात येतो तेव्हा गाडी नागपूरला नेतो. रंगावर पारदर्शक फिल्म लावून घ्यायची आहे. काट्याकुट्यातून नेली तरी ओरखडा पडत नाही. फिल्मचं भेंडोळं तुमच्या पत्त्यावर मागवलंय. लावणारे तिकडं आहेत. तुम्ही फक्त ठेवून घ्या."

पुन्हा फक्त ठेवून घ्या! चंद्रशेखररावांनी फोन ठेवला आणि शीलाताईंना म्हणाले, "पारदर्शक प्लास्टिक लावायला नागपूरचा माणूस कशाला? वहीला कव्हर घालणं आणि हे यात फरक काय?"

इथं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कव्हरं घालण्यात चंद्रशेखररावांचा हात धरणारा यवतमाळात नव्हता. जून महिना लागला की अख्ख्या कॉलनीची पोरं वह्या-पुस्तकं घेऊन त्यांच्या ओसरीत बसत. कोपरा असा दुमडत की पोरगं नापास झालं तरी वही नवीकोरी राहायची. तेव्हा अभिषेक येण्याच्या आत गाडीला कव्हर घालायचं, एक सुरकुती ठेवायची नाही, मग तो बघेल, बोट फिरवेल, आणि आपोआप ते वाक्य म्हणेल, अशी योजना ठरली. योजनेत खोट नव्हती. योजनांमध्ये खोट कधीच नसते.

भेंडोळं आलं ते सतरंजीएवढं. सोबत सूचनांचा कागद होता, पण त्यातल्या चित्रातला माणूस गाडी पुसून राहिला की तिचे पाय धरून राहिला, ते कळेना. फिल्मला एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला कागद. कागद जरा सोलून चंद्रशेखररावांनी बोट लावलं तर बोट तिथंच राहिलं. सोडवायला शेजारच्या बापूजींना बोलवावं लागलं.

बापूजींनी तरुणपणी सिनेमाची पोस्टरं चिकटवण्यापासून सुरुवात करून पुढं निवडणुकांची पत्रकं, नाटकांच्या जाहिराती आणि हरवलेल्या म्हशींचे फोटो असं सगळं चिकटवलं होतं. भिंत दिसली की त्यांचा तळवा आपोआप तिच्यावरून फिरायचा.

"चिकट बाजू रंगाले लावता?" बापूजी किंचाळले. "चंदूभाऊ, तुमच्या हॉलमधलं कॅलेंडर आठवा."

चंद्रशेखररावांना घाम फुटला. मागल्या दिवाळीत चिकटपट्टीनं लावलेलं कॅलेंडर काढताना भिंतीचा रंग असा काही निघाला होता की तिथं आता कॅलेंडरपेक्षा मोठी तसबीर टांगावी लागली होती.

"मंग? उद्या फिल्म काढाची झाली त रंग सोबतच निघते. पोरगा काय म्हणीन?"

"मग काय करायचं?"

"चिकट बाजू वर. गुळगुळीत बाजू रंगाकडं, मधात मैद्याची खळ. म्या जिंदगीभर खळीनं लावलं. पाणी मारलं का निघते. भिंतीले काही होत नाही."

"आणि वरचा चिकटपणा?"

"त्याच्यावर कागद हाय ना! राहू द्या तसाच."

आता एखाद्यानं म्हणावं, की एवढा शिकलेला माणूस, त्याला हे कळलं नाही? पण बापूजींच्या बोलण्यात कुठं चूक होती ते दाखवा. गोंदानं रंग निघतो, हे खरं. खळीनं निघत नाही, हेही खरं. दोन खरी वाक्यं एकापुढं एक ठेवली की माणूस बिनधास्त तिसऱ्यावर पाय टाकतो.

शीलाताईंनी करंज्यांसाठी आणलेला मैदा मोठ्या गंजात शिजायला लागला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अहो, एवढं करूनच राहिले तर थोडं सारण पण भरा गाडीत. तळून काढू."

चंद्रशेखरराव कात्रीनं बॉनेटचा कोपरा कापून राहिले होते आणि अशा वेळी ते वहीच्या मालकाशीसुद्धा बोलत नसत. दारं, छत, मागची पाठ, आरशांच्या पाठी, सगळीकडं खळ फासून फिल्म बसवली, तळव्यानं हवा काढली, कोपरे दुमडले. तीन दिवस लागले. काम संपलं तेव्हा गाडीवर एक सुरकुती नव्हती. गाडी मात्र दिसत नव्हती.

"पारदर्शक म्हणत होता ना अभिषेक?" शीलाताई म्हणाल्या. "ही तर लग्नाच्या आहेरासारखी गुंडाळून ठेवली."

वर कागद होता, म्हणून! चंद्रशेखररावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नव्या मोबाइलच्या काचेवर एक पातळ कागद असतो, तो शेवटी काढायचा असतो. त्यात त्यांना भारी सुख व्हायचं. शेजाऱ्यांच्या मोबाइलवरचेसुद्धा ते मागून काढत. त्यांनी एका कोपऱ्यात नख घातलं आणि सर्रर्र करून बॉनेटवरचा कागद ओढला.

खालून लाल रंग असा चमकला की कडुनिंबावरचा कावळा उडाला. मग दारं सोलली, छत सोललं. बापूजींचे डोळे भरून आले. शेजारचे देवीलाल, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, तेही कुंपणावरून बघत होते. ते आत आले.

"या गाडीला," चंद्रशेखरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता काही म्हणजे काही लागणार नाही."

बापूजींनी शाबासकी द्यावी तशी बॉनेटवर थाप मारली. हात परत आला, पण मनगटावरचे केस गाडीनं ठेवून घेतले. देवीलाल सवयीनं दाराला टेकून उभे होते. ते बापूजींना बघायला वळले तर टर्रकन आवाज झाला आणि त्यांच्या सदऱ्याचा खिसा, आतल्या चष्म्यासकट, दारावर राहिला.

शेवटी देवीलालनीच, उघड्या छातीवर हात ठेवून, निदान केलं.

"गिल्ला है अभी. खळ आतून गिल्ली, त बाहिर चिकटनच ना साहेब! हवा पायजे. घरात बसून ऱ्हायली त सुकत नाही. बाभुळगाव रोडनं घ्या, टॉप गिअर टाका. खुल्ली हवा लागली का खडखडीत."

"उद्या दुपारी अभिषेक येऊन राहिला," शीलाताई म्हणाल्या, "आणि बाहेर काढू नका म्हणून सांगितलंय त्यानं."

"चालवायला काढू नका म्हणाला तो," चंद्रशेखरराव म्हणाले. "मी वाळवायला काढतो आहे."

शब्दांतला फरक त्यांना कळत असे, हे वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, देवाला नमस्कार करून ते निघाले. फाटकातून बाहेर पडताना कडुनिंबानं पानं टाकली ती तशीच छतावर राहिली. चौकात वाढदिवसाचा एक फलक वाऱ्यानं हलत होता, तो दाराला लागला. दारानं त्यातला नेत्याचा हसरा चेहरा घेतला आणि जोडलेले हात तिथंच सोडले. चंद्रशेखररावांना यातलं काही माहीत नव्हतं. फिल्म रंगावर होती, काचेवर नव्हती. त्यामुळं आत बसलेल्या माणसाला जग अगदी निर्मळ दिसत होतं.

ते वर्ष गुलाबी अळीचं. बोंड वरून टपोरं आणि आत अळी, असं शिवारच्या शिवार. जो काही कापूस वेचून निघाला तो घेऊन लोक बाभुळगाव रोडवरच्या खरेदी केंद्रावर येत आणि केंद्रावरचा ग्रेडर चिमूट घेऊन म्हणे, "डाग हाय, वापस." त्या केंद्राचं नाव इथं सांगत नाही, सांगितलं तर उद्या ते पावती घेऊन दारात उभे राहतील. फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्यांची रांग. लोक गाड्यांखालीच झोपायचे, तिथंच चटणी-भाकर खायचे.

चंद्रशेखरराव टॉप गिअरमध्ये तिथं पोचले आणि नेमका समोरच्या ट्रॉलीवरच्या ताडपत्रीचा दोर सुटला. वारा होता. ताडपत्री फडफडली आणि कापूस उडाला. एका ट्रॉलीचा उडाला म्हणून बैल बुजले, बैल बुजले म्हणून गाड्या हलल्या, गाड्या हलल्या म्हणून दहा जागचा कापूस वर गेला. आणि तो सगळा, सांगणाऱ्यानं एक बोंडही वाढवून सांगितलेलं नाही, त्या वाऱ्यातून वळून वळून एकाच ठिकाणी येऊन बसला.

काचेतून चंद्रशेखररावांना दिसत होते ते फक्त लोक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहून, तोंड उघडं टाकून त्यांच्या गाडीकडं बघत होते. इतका मान त्यांना निरोप समारंभातही मिळाला नव्हता, त्या आनंदात बॉनेटकडं लक्ष जाणार कुठून? त्यांनी काच खाली करून हात हलवला. रांग त्यांच्यासाठी फाकली. खरेदी केंद्राच्या फाटकावर देवसिंग नावाचा शिपाई उभा होता, त्यानंही अदबीनं हात करून आत वळवलं. इतकं अदबीनं कुणी वळवलं तर माणूस वळतो. चंद्रशेखरराव वळले आणि थेट वजनकाट्यावर जाऊन थांबले.

"इंजन बंद करा," देवसिंग म्हणाला. "पावती?"

"कसली पावती?"

"कापसाची. नोंदणी कोन्या गावची हाय?"

"कापूस कुठं आहे?"

देवसिंगनं गाडीकडं बोट केलं. चंद्रशेखरराव खाली उतरले. समोर चार चाकांवर पांढरंशुभ्र काहीतरी उभं होतं. गादी म्हणावी तर दिवे होते, मेंढी म्हणावी तर नंबरप्लेट होती. एका बाजूनं कापसातून नेत्याचा चेहरा हसत होता आणि जरा खाली देवीलालचा चष्मा त्यांच्याकडं रोखून बघत होता.

तेवढ्यात रांगेतले लोक ओरडत आले. सगळ्यांच्या पुढं विठ्ठलराव, बाभुळगावकडचे शेतकरी, उंच, डोक्याला दुपट्टा बांधलेला.

"ओ साहेब! आमी तीन दिसापासून इथं पडून हाओ अन् तुमी डायरेक्ट काट्यावर? काहून? आमचे बैल तुमच्या जीपपेक्षा कमी हायेत काय?"

"अहो, मी कापूस विकायला नाही आलो. मी वाळवायला आलो."

"ओला कापूस आनला?" काट्यावरचा बाबू खिडकीतून म्हणाला. "ओलावा तपासा लागते मंग. देवसिंग, ग्रेडरसाहेबाले बोलाव."

सरकारी कामकाजात चाळीस वर्षं घालवल्यामुळं चंद्रशेखररावांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. एकदा माणूस रांगेत शिरला, की तो रांगेत नाही हे सिद्ध करायला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागतं. आजवर ते खिडकीच्या आतल्या बाजूला होते. बाहेरून खिडकी किती उंच असते ते आज कळलं.

ग्रेडर आला. त्यानं बॉनेटवरून चिमूट उपटली, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणला, उजेडाकडं धरला. मग छताची चिमूट घेतली. मग मागची. त्याचा चेहरा बदलत गेला.

"लांबी चांगली. काडीकचरा नाही. डाग नाही." तो चंद्रशेखररावांकडं आदरानं वळला. "या सीझनले इतका साफ माल आला नाही. एक नंबर. कोणतं बियाणं हाय जी?"

चंद्रशेखररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्रसंग काय, आपण कोण, हे विसरून ते म्हणाले, "सगळं हातानं केलं. तीन दिवस लागले."

"थांबा!" विठ्ठलराव पुढं आले. "पुन्हा सांगा साहेब. हा माल एक नंबर?"

"एक नंबर."

"हा कापूस कोनाचा हाय? माह्या ट्रॉलीतून उडला, ह्या भाऊच्या बैलबंडीतून उडला, सगळ्या रांगेनं पाह्यलं. जीपवर बसला त एक नंबर, अन् आमच्या ट्रॉलीत ऱ्हायला त वापस? आमी बी ट्रॉलीले लाल रंग मारतो मंग!"

रांगेतून असा हशा उठला की बैलांनी कान टवकारले. ग्रेडरचा चेहरा पडला. हलका, साफ कापूस तेवढा उडतो आणि अळीनं खाल्लेला जड कापूस खाली बसतो, हे त्याला कळत होतं. पण हे म्हणावं तर ट्रॉलीत साफ कापूसही आहे असं कबूल होत होतं, आणि आजवर त्यानं एक चिमूट बघून अख्खी ट्रॉली परत पाठवली होती.

"मी जीपचा माल नापास करतो," तो घाईनं म्हणाला.

"अहो, करा नापास!" चंद्रशेखरराव आशेनं म्हणाले. "म्हणजे मी मोकळा."

"नाही होत नापास!" सगळी रांग ओरडली. विठ्ठलराव जीपसमोर हात पसरून उभे राहिले, आणि बोलता बोलता मागं टेकले. ते आता कुठं जाऊ शकत नव्हते. मोर्चाला नेता मिळाला तो असा, कायमचा.

बरीच वादावादी झाली. शेवटी प्रत्येक गाडी तळापर्यंत उघडून, साफ माल वेगळा करून घ्यायचा, असं ग्रेडरला कबूल करावं लागलं. विठ्ठलरावांना दोघांनी ओढून काढलं. दुपट्टा जीपला अर्पण झाला. "जाऊ द्या जी," ते चंद्रशेखररावांना म्हणाले, "तुमच्या मेंढीनं आज काम केलं."

रांग हलायला लागली. जीप तेवढी हलेना. बाबूचं म्हणणं सरळ होतं. भरल्या गाडीचं वजन झालं, आता माल खाली करा, रिकाम्या गाडीचं वजन करतो, मग गेटपास. चंद्रशेखररावांनी कापूस उपटून बघितला. अर्धा हाताला आला, आणि मग हात गाडीला गेला.

"ही गाडी रिकामी होत नाही हो."

"मंग गेटपास नाही. अन् गाडी कोनाच्या नावावर हाय? मालकाले बोलवा."

त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला.

"बाबा, मी घरी आलो. गाडी कुठे आहे?"

"बाजारात."

"बाजारात? काय करून राहिली बाजारात?"

"तिचं ग्रेडिंग झालं. एक नंबर आहे. फक्त तू ये, सही लागते."

अभिषेक ऑटोनं आला. तरातरा चालत जीपच्या अगदी जवळून पुढं गेला आणि वडिलांसमोर उभा राहिला. "कुठे आहे?"

चंद्रशेखररावांनी मागं बोट दाखवलं. अभिषेक वळला. मग त्यानं जवळची पाण्याची बाटली उघडून बॉनेटच्या कोपऱ्यावर ओतली. खळ विरघळली, फिल्मचा कोपरा अलगद उचलला गेला आणि खालून लाल रंग दिसला. कोरा, चमकदार, ओरखडा नाही.

"बघ," चंद्रशेखरराव हळूच म्हणाले. "रंगाला काही झालं नाही."

"नाही झालं," अभिषेकनं मान्य केलं. त्याचा चेहरा रडावं की हसावं याच्या नेमका मध्ये थांबला होता. "इथंच धुऊन टाकू सगळं."

"इथं माल सांडाचा नाही!" बाबू खिडकीतून गरजला. मग त्यालाही दया आली असावी. "असं करा. शेतकऱ्याले भाव पसंत नाही, माल वापस घेऊन चालला, असं लिहितो. वापस मालाले रिकामं वजन लागत नाही. पन जसा आला तसाच घेऊन जा लागन. गावातून."

अभिषेकनं सही केली. दोघं जीपजवळ आले. फाटकाबाहेर लोक मोबाइल काढून उभे होते. अभिषेकनं त्यांच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, दारावरच्या हसऱ्या नेत्याकडं बघितलं. खिशातून रुमाल काढून तोंडाला बांधला, मागचं दार पायानं उघडलं, सीटवर आडवा झाला आणि अंगावर बॉनेटवरून फाडून आणलेला विठ्ठलरावांचा दुपट्टा ओढून घेतला. आतून आवाज आला.

"बाबा, तुम्ही चालवा."

चंद्रशेखररावांनी ऐकलं. पुन्हा एकदा ऐकावं असं वाटलं, पण माणसानं फार लोभ करू नये. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, आरसा नीट केला आणि जीप बाहेर काढली. शहरात शिरल्यावर सरळ घरी जाणारा रस्ता सोडून ते दत्त चौकातून गेले. तिथून बसस्टँडवरून. जुन्या ऑफिसपाशी हॉर्न दिला. त्या पानठेल्यापाशी गाडी हळू केली. ठेलेवाल्यानं बरण्या मागं सरकवल्या आणि मग ओळखून दोन्ही हात जोडले.

बऱ्याच वेळानं मागून दबका आवाज आला. "बाबा, आलं का घर?"

डाव्या हाताला त्यांचंच फाटक होतं. फाटकात शीलाताई उभ्या होत्या, शेजारी बापूजी, आणि चष्म्याविना डोळे बारीक करून बघणारे देवीलाल. चंद्रशेखररावांनी तिघांनाही हात हलवला आणि गिअर बदलला.

"नाही रे," ते म्हणाले. "लांब आहे अजून. तू पड निवांत."